मिलिंद, ढीग कुणी पाहिला?

मिलिंद,

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि आग तूच लावलीस असं ठरवून सगळे घरी गेले.

शेवट आधी सांगितला, कारण तुला तशीच सवय होती. कुणी गोष्ट सांगायला लागलं की तू म्हणायचास, "आखरीले काय झालं थे सांग, मधलं मी भरून घेतो." घे भरून. पण यातलं मधलं तुला भरता येणार नाही, कारण तू तेव्हा फोटोत होतास.

मला अजून धड रडू आलेलं नाही. सकाळी डोळा उघडला की आधी राग येतो, मग तू नाहीस हे आठवतं आणि मग पुन्हा राग येतो. आई म्हणते, "गेलेल्या मानसासाठी रडाव पोरी. तू दात काऊन खाऊन राह्यली?" मी तिला म्हटलं, रडेन, सवडीनं रडेन. आधी माझं एक काम उरकू दे.

सभेत आपले अध्यक्ष बोलले. कॉलेजच्या दारातल्या संगमरवरी पाटीवर ज्यांचं नाव आहे आणि टोल्याच्या वस्तीभोवतालच्या जंगलातला तेंदूपत्त्याचा ठेकाही ज्यांच्याच नावावर आहे, ते. आवाज असा मऊ की ऐकताना झोप यावी. म्हणाले, "मुलांचा हेतू चांगला होता. पण अनुभव नव्हता. मोहाखालचा पाला झाडून त्यांनी जागोजागी ढीग घातले. त्या ढिगांना कुठूनशी ठिणगी लागली आणि आपल्या एका गुणी विद्यार्थ्याला आपण मुकलो." पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मग मराठीचे सर उठले आणि त्यांनी तुझ्यावर कविता वाचली. तिच्यात वनदेवी होती आणि वनदेवीच्या अंगावर हिरवा शालू होता.

तुझ्या शोकसभेत हिरवा शालू! तू असतास तर हार काढून बाहेर पडला असतास. आपल्या भित्तिपत्रकाचा पहिला नियमच तो होता. 'आपलं रान' सुरू केलं तेव्हा जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं जोडून पहिला अंक तयार केला होता, आणि वाचनालयाबाहेरच्या काचेच्या फळ्यात तो लावायच्या आधी तू कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलंस, 'हिरवा शालू पाठवू नये.' सर तेव्हापासून तुझ्यावर रागावलेले होते. वर्षभर कविता दाबून ठेवली बिचाऱ्यांनी आणि तू उत्तर देऊ शकणार नाहीस अशा दिवशी बरोबर बाहेर काढली.

तू मात्र लिहायचास वाळवीवर. गांडुळावर. कुजक्या पानावर. तुझ्या एका लेखात फक्त ऐनाचं एक पान गळून त्याची माती होईपर्यंत त्याचं काय काय होतं एवढंच होतं, आणि तो वाचायला हॉस्टेलची पोरं जेवणाची ताटं हातात घेऊन फळ्यापुढे उभी राहिली होती. मी तुला म्हटलं होतं, बरं लिहितोस. खरं तर मला म्हणायचं होतं की असं लिहिलेलं मी आधी कधी वाचलं नव्हतं. ते राहूनच गेलं.

मग तो मोहाखालच्या आगीवरचा लेख. मोहाचं फूल पहाटे खाली पडतं, ते पाल्यात दिसत नाही, म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. ती आग कधी कधी हातची सुटते आणि सगळं रान खाते. तू ते फार चांगलं लिहिलंस. वाचलं आपण वीस पोरांनी, त्यातल्या एकाच्याही घरी मोहाचं झाड नव्हतं. मीच तुला डिवचलं, "टोल्यावरच्या बाया येणार आहेत का तुझा फळा वाचायला?" तू तोंड पाडून बसलास आणि दुसऱ्या दिवशी अंकाची कॅलेंडरं गुंडाळून टोल्यावर गेलास. रैजीबाईच्या अंगणात, बायांना गोळा करून, मोठ्यानं वाचून दाखवलास सगळा लेख.

रैजीबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लय चांगलं लिहिलं भाऊ. मंग आग नाई लावाची त झाडाव कोनं? तू झाडतं?"

बाया हसल्या. तू हसला नाहीस. "झाडतो," म्हणालास.

चामोर्शीच्या बाजारातून आपण खराटे आणले. दुपारी कॉलेज सुटलं की सायकली काढायच्या, टोल्याच्या मोहाखाली झाडायचं, संध्याकाळच्या आत परत. पहिल्या आठवड्यात दहाजण होते. हाताला फोड आले तसे गळत गेले आणि उरलो आपण दोघं, कधी कधी तिसरा कुणी. गावात आपल्याला झाडूवाले म्हणायला लागले. तुझं माझं काय आहे हेही विचारायला लागले. काय होतं आपलं? खराटे होते आणि भांडण होतं. यापेक्षा जास्त काही असेल तर त्याच्याबद्दल आपण बोललो नाही, आणि आता मी एकटी बोलणार नाही.

तुझ्या घरी मात्र हा खराटा भलत्याच ठिकाणी लागला. मी तुमच्या ओसरीवर पाणी पीत होते. गुरुजी, म्हणजे तुझे बाबा, शाळेतून आले. सायकलला बांधलेला खराटा त्यांनी पाहिला. माझ्यासमोर आवाज चढवायचा नाही म्हणून हळूच बोलले.

"माह्या बापानं उभी हयात गावाचा रस्ता झाडला. छप्पन साली तो झाडू फेकून चंद्रपूरले गेला, दीक्षा घेतली. पुन्हा हात नाई लावला झाडूले. अन तू? तुले कॉलेजात कायले धाडलं मी?"

"बाबा, थो गावानं झाडाले लावला होता. हा मले कोनी सांगतला नाई. माह्या मनानं घेतला."

"पाहनाऱ्याले मन दिसते काय? झाडू दिसते."

माझ्यासारख्या पाटलाच्या पोरीनं खराटा घेतला की समाजसेवा होते आणि तू घेतलास की जुनं ते परत येतं, हे मला तोवर सुचलंसुद्धा नव्हतं. गुरुजी त्या दिवसापासून तुझ्याशी कामापुरतं बोलायचे. तू झाडत राहिलास.

आता ढिगाचं सांगते. कारण सगळं त्याच्यावर येऊन ठेपलंय.

तुझ्याइतका हेकट माणूस मी पाहिलेला नाही. मी पाला झाडून ढीग घालायला निघाले की तू खराटा आडवा धरायचास. "ढीग नाई कराचा शोभे. पसरलेला पाला जळते अन विझते. ढीग धुमसत राह्यते, दोन दिवसानंही भडकते." मग काय, टोपलीत भरा, नाल्यापर्यंत न्या, ओल्या काठावर पातळ पसरा. एका झाडाला चौपट वेळ. एकदा मी चिडून, तू पाठमोरा असताना, घातलाच एक ढीग. तू तो पाहिलास, खाली बसून हातानं टोपलीत भरायला लागलास. मला तुझ्या डोक्यावर खराटा घालावासा वाटला. टोल्यावरच्या बायांनाही तू तेच करायला लावलंस. पारबताबाईनं घाईत एक ढीग टाकला तर तिच्या नवऱ्यासमोर तिला अर्धा तास समजावत बसलास. बाया तुला मागून नावं ठेवायच्या, "ढीगवाला आला."

आख्ख्या टोल्याला माहीत होतं की मिलिंद ढीग करू देत नाही. शेजारच्या गावांना माहीत होतं. तेंदूची पानं विकत घेणाऱ्या अध्यक्षांच्या फळीवरच्या मुनशीला माहीत होतं. आणि अध्यक्ष म्हणतात, ढिगांना आग लागली.

त्या दुपारचं मी पंचनाम्याला आलेल्यांना सांगितलं आहे, इथे पुन्हा सांगते. आपण रैजीबाईचा मोठा मोह झाडून पाणी पीत होतो. तेंदूच्या झुडपांच्या उतारावरून अध्यक्षांच्या फळीवरची दोन माणसं सायकली हातात धरून खाली आली. एकजण तुला म्हणाला, "जयभीम, मिलिंदभाऊ." तूही जयभीम केलास. ते वळणापलीकडे गेले आणि त्यांच्या मागे उतारावर धूर उठला, एका जागी नाही, ओळीनं. रान जळलं की तेंदूच्या झुडपाला नवं पान येतं, कोवळं, साफ, बिडीला पाहिजे तसं. तू हे फळ्यावर लिहिलं होतंस. कुणाचंच नाव न घेता लिहिलं होतंस आणि त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणत होते, नाव लिही. तू म्हणत होतास, "नाव लिहिलं की दहा जन त्याच्या बाजूनं उभे राह्यतात. नाई लिहिलं की ज्याले लागाचं त्याले एकट्याले लागते."

लागलंच की मग.

वारा आपल्याकडे होता. तू मला टोल्यावर माणसं आणायला पिटाळलंस. मी सायकल टाकून पळाले. माणसं घेऊन परत आले तेव्हा रान काळं झालं होतं आणि मोठ्या मोहाखालची आपण झाडलेली जागा तशीच होती. गोल, स्वच्छ. आग तिच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. माझी पाण्याची बाटली तिथे उभी होती, तिला झळ लागली नव्हती. आणि तू तिथे नव्हतास.

याचा राग कुणावर काढू, सांग. त्या गोलात नुसता उभा राहिला असतास तर आज मला हा कागद लिहावा लागला नसता. पण पलीकडे पारबताबाईचा मोह होता, त्याच्याखाली झाडायचं राहिलं होतं, आणि तू हातात डहाळी घेऊन तिकडे गेलास. झाड वाचलं. ते अजून उभं आहे. मी काल त्याच्याकडे पाहून आले. मला ते झाड आवडत नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तू जेवढे दिवस होतास तेवढे दिवस गुरुजी बाहेरच्या बाकड्यावरून उठले नाहीत. मला आत सोडलं त्या दिवशी तू विचारलंस, "अंक लागला काय या मयन्याचा?" मी लागला म्हटलं. लागला नव्हता. मग तू म्हणालास, "शोभे, भांडू नको." एवढंच. माझ्याकडून कबूल करून घ्यायला तू थांबला होतास, मला ते कळत होतं. मी हो म्हटलं नाही. तुझ्या मरणाच्या दारातही मी तुला हो म्हटलं नाही, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुला माणसाचा राग यायचाच नाही. तुझी माय संध्याकाळी वंदना म्हणायची, त्यातलं सगळं तुझ्यात मुरलं होतं. माझ्यात नाही मुरलं. मी देवळात जाऊनही भांडण करून येते.

पंचनाम्याच्या वेळी मी सायकलवाल्यांचं सांगितलं तर एकानं मला विचारलं, "तू तिथी त्याच्यासंगं एकटी काय करत होती?" माझं म्हणणं कागदावर आलंच नाही. म्हणून मी सभेची वाट पाहत होते. अध्यक्ष बोलून बसले आणि मी उठले. म्हटलं, "सर, ढीग कुठे होते? तुम्ही पाहिले का? इथे कुणी पाहिले?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे. प्राचार्य घाईघाईनं माइकजवळ गेले आणि म्हणाले, "आता आपण सर्वजण दोन मिनिटं मौन पाळू."

सगळे उभे राहिले. मी तर उभीच होते, तोंड उघडं ठेवून. मिलिंद, तुझ्यासाठीचं मौन होतं ते. ते मी कसं मोडू? मला गप्प बसवायला त्यांनी तुलाच वापरलं. डोक्यावरचे पंखे फिरत होते, अध्यक्षांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते. त्या दोन मिनिटांत मी त्यांना जेवढे तळतळाट दिले तेवढे माझ्या सात पिढ्यांनी मिळून कुणाला दिले नसतील.

मौन संपलं. आभार मानायचे तेवढे राहिले होते. प्राचार्यांनी रीत म्हणून गुरुजींना विचारलं, दोन शब्द बोलता का. सगळ्यांना वाटलं, ते हात जोडून नाही म्हणतील. ते माइकजवळ गेले. धोतर-कोट, तीच टोपी. माइक हातानं खाली ओढला. मग म्हणाले,

"माह्या पोरानं झाडू मारला. टोल्यावर जाऊन, रोज, झाडू मारला त्यानं. मले लाज वाटत होती, म्हनून मी त्याच्यासंगं बोलत नव्हतो. आज सगळ्यायसमोर सांगून राह्यलो. माह्या पोरानं झाडू मारला. आग नाई लावली."

आणि ते माइकजवळून सरळ दाराबाहेर गेले. तुझा खराटा मी टोल्यावरून आणून कॉलेजच्या जिन्याखाली ठेवला होता. तो त्यांनी उचलला आणि सायकलला न बांधता, हातात उभा धरून, बाजारातून भर गर्दीत घरी नेला. लोक पाहत होते. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. हे तू पाहायला हवं होतंस. हे तुला दाखवायला मिळालं असतं तर मी बाकी सगळं सोडून दिलं असतं, कदाचित.

पण मिळालं नाही, म्हणून सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी काचेच्या फळ्याला कुलूप लागलं. 'आपलं रान' बंद. तिथे आता परीक्षेचं वेळापत्रक आहे. मी तशीच टोल्यावर गेले. डोक्यात एकच होतं, बायांना सांगायचं की त्या माणसाच्या फळीवर पान नेऊ नका. वाटेत तू माझ्याशी भांडत होतास. 'त्यायच्या पोटाचं काय शोभे? पान तोडाचे दिवसच किती!' मी तुला म्हणत होते, चूप बस, तुला आता मत नाही.

रैजीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. अध्यक्ष काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. तिनं फुलं सारखी केली. मग विचारलं, "ढिगाले आग लागली मने? असं माईकावर मनला थो?"

"असंच म्हणाले."

"बरं," म्हणाली. मी तिला माझं म्हणणं सांगायला लागले तर तिनं मला मोहाची मूठभर फुलं हातावर दिली आणि म्हणाली, "तू घरी जाय पोरी. फळी लागू दे, मंग पाहू." मी रडकुंडीला येऊन परतले. वाटलं, संपलं.

आज सकाळी फळी सुरू झाली. म्हणजे व्हायची होती. मी नाल्याच्या अलीकडे उभी होते. जळलेल्या उतारावर महिन्याभरात तेंदूला पान आलंय, मिलिंद, असं पान मी पाहिलं नाही. मोठं, मऊ, डाग नाही. ज्याच्यासाठी पेटवलं ते अगदी मनासारखं आलंय. मुनशी मांडवात चटई टाकून बसला होता, बाजूला पाण्याचा माठ, समोर पानांचे पुडे मांडायची सारवलेली जागा. आणि तिथे एकही पुडा नव्हता. जळलेल्या उतारावर एकही बाई चढली नव्हती. मग टोल्याकडून बाया आल्या, रांगेनं. पहाटेच दुसऱ्या अंगाच्या रानात जाऊन पान तोडून, पुडे बांधून, डोक्यावर ओझी घेऊन आल्या होत्या. मांडवासमोरून त्या गेल्या आणि थांबल्या नाहीत. नाल्यापलीकडे दुसऱ्या ठेकेदाराची फळी आहे, तिकडे चालल्या होत्या. लांब आहे, उन्हाचं चालावं लागतं. गेल्या.

मुनशी मांडवाबाहेर धावला. "ओ रैजीबाई! काऊन? इथी काऊन नाई टाकत?"

रैजीबाई थांबली. ओझं उतरवलं नाही, मानही वळवली नाही. म्हणाली,

"तुया सायेबानं माईकावर सांगतलं ना भाऊ, ढिगाले आग लागते. आमाले भेव लागते बाप्पा. तुया फळीवर आमी ढीग नाई करत."

मागून पारबताबाई म्हणाली, "मिलिंदभाऊनंही ढीग नाई कराचा सांगतलं होतं." आणि रांग पुढे चालू लागली.

मुनशी सायकल काढून गावाकडे सुटला, अध्यक्षांना सांगायला. नाव मी इथेही लिहीत नाही, तुझंच ऐकते. उद्या परवा ते पान जाड होईल, मग राठ होईल, मग त्याची बिडीही वळता येणार नाही. ते झुडपावरच वाळेल, खाली पडेल, आणि त्याची माती कशी होते ते तू लिहूनच ठेवलंयस.

तू म्हणाला होतास भांडू नको. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही, मिलिंद. आता मी घरी जाऊन रडते.

शोभा